चौदा ते अठराची पोरं कोणाच्या रजिस्टरात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, एकवीस वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या पोराबद्दल लिहून राहिली तो अजून अठराचा झाला नाही आणि त्याची ओळख पटेल असं काही छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७४. हे कलम मलाच मुळात सहा-सात महिन्यांपूर्वी माहीत झालं. त्याच्या आधी त्या पोराचा फोटो आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर फिरला होता, खाली लिहिलेलं "केबलचोर सापडला", अन् मीही तो पाहिला होता आणि कोणाला एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं.

झालं असं की गेल्या डिसेंबरात एका रात्रीत गावातल्या चार विहिरींवरचे मोटारीचे केबल कापून नेले. शहरातल्या माणसाला वाटेल केबलचं काय एवढं, पण डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, गव्हाला द्यायचं असतं, लाइन रात्रीची, माणूस बारा-एक वाजता थंडीत बॅटरी घेऊन वावरात जातो, स्टार्टर दाबतो अन् मोटार चालूच होत नाही. सकाळी पाहतो तर वायरच नाही. नवा केबल घ्यायला हातात पैसा नाही, कापूस घरात पडलेला, भाव वाढायची वाट पाहून राहिलेला. त्या चौघांतले एक काकाजी दोन एकरवाले, त्यांचा हरभरा घाट्यावर आलेला पाण्यावाचून गेला. हे आधीच सांगते, कारण पुढं मी पोराची बाजू मांडणार आहे आणि ती मांडताना काकाजींचं नुकसान मी विसरली नाही. ग्रुपवर त्यांनी जे लिहिलं ते रागात लिहिलं, आणि तो राग खरा होता.

पहिला संशय गेला बेड्यावर. गावाबाहेर पारध्यांचा बेडा आहे, थोडीशी घरं. चोरी कोंबडीची होवो का मोटारीची, पहिलं बोट तिकडंच जाते. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला पण गावाच्या डोक्यातून अजून गेला नाही. बेड्यावरचे दोन पोट्टे ठाण्यात नेले, एक पंधराचा, एक सतराचा. दोन दिवसांनी समजलं यांचा काहीच संबंध नाही. त्यांना कोणी चूक झाली असं म्हटलं नाही, ठाण्यानं नाही, गावानं नाही, मीही नाही. त्यातला पंधराचा दहावीत होता, बेड्यावरून दहावीपर्यंत पोचलेला पहिला पोरगा, तो पुढं पंधरा दिवस शाळेत गेला नाही. त्याची माय मला म्हणाली, "बाई, शाळेत गेलं तरी चोर, नाई गेलं तरी चोर, मंग जाऊन फायदा काय?" मला काही उत्तर आलं नाही, आजही नाही.

शेवटी जो सापडला तो आमच्या वस्तीतलाच, सोळा वर्षांचा. माझ्या अंगणवाडीतला. तीन वर्षांचा होता तेव्हापासून पाहते, उसळ वाटायची वेळ झाली की सगळ्यात आधी ताटली घेऊन हजर, अन् लहान पोरांना आधी बसवून मग स्वतः बसणार. आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आगंमागं येतात, हा आजीजवळ. आमच्या गावात झेडपीची शाळा आठवीपर्यंत. नववीला जायचं तर अकरा किलोमीटर. पोरींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस येते, बारावीपर्यंत फुकट, आणि ती आलीच पाहिजे, माझी स्वतःची लेक तिच्यामुळंच शिकली. पण पोट्ट्यांनी जायचं कसं याचा विचार कोणीच केला नाही. एसटीची सकाळची फेरी कधी येते कधी येत नाही, पोरं कोणाच्या ट्रॅक्टरवर, दुधवाल्याच्या गाडीवर मागं लटकून जातात, नाल्याला पूर आला की तेही बंद. हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत गेला. मग सोयाबीनची सोंगणी आली, रोजानं गेला, हातात पैसा आला, दिवाळीनंतर कापूस वेचायला गेला, अन् शाळा सुटली ती सुटलीच. हायस्कूलमधून कोणी विचारायला आलं नाही, मायबाप फडावर, आजीला वाटलं पोरगं कमावते, चांगलं झालं.

त्यानंतरची दोन वर्षं तो कुठं होता ते सगळ्या गावाला माहीत आहे, पानठेल्यावर. सुरुवात खर्ऱ्यापासून झाली, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटलेली पुडी. मग मोबाईलवर पैशाचे गेम, २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं या गेमवर बंदीचा कायदा केला खरा, पण कोणी ना कोणी लिंक पाठवतेच. गेममध्ये उधारी झाली, उधारी देणारे त्याच्याहून मोठे, बावीस-पंचवीसचे, अन् त्यांनीच सांगितलं की तांबं कुठं मिळते आणि कोण घेते. भंगारवाला जाळलेलं तांबं किलोनं घेतो, कुठून आणलं ते विचारत नाही. मोठ्या माणसानं पोरांचा असा वापर केला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड लिहिलेला आहे. पोरगा पकडला गेला, ते मोठे आजही त्याच ठेल्यावर बसून असतात.

मी याचा लय विचार केला. माझ्या रजिस्टरात गावातलं सहा वर्षांपर्यंतचं एकूणएक लेकरू आहे, वजन किती, उंची किती, दंडाचा घेर किती, लस कधी दिली. मग ते शाळेच्या हजेरीत जाते, शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदासाठी आहे. अठरा पूर्ण झाले की मतदार यादी, तेव्हा तर लोक घरी येऊन फॉर्म भरून नेतात. मधल्या चार वर्षांत ज्या पोरानं शाळा सोडली तो कोणाच्याच रजिस्टरात नाही, त्याच्यासाठी कोणालाच कोणी जाब विचारत नाही. याचं नाव दोन वर्षांनी पहिल्यांदा जिथं लिहिलं गेलं ती ठाण्याची डायरी होती. आणि हे फक्त आमच्या गावाचं नाही, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा आकडा आहे, देशभरात अल्पवयीन मुलांवर ३०,५५५ केस, अन् पकडलेल्या मुलांत तीन चतुर्थांशाहून जास्त सोळा ते अठरा वयाची. म्हणजे जे वय आपण मोकळं सोडलं तेच.

आता माझी स्वतःची चूक लिहिते. गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती केलेली आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा ताई. आमच्या गावात ही समिती कित्येक वर्षांपासून आहे आणि तिच्या बैठका रजिस्टरात आहेत, तारीख टाकून, विषय टाकून. त्या बैठका झालेल्या नाहीत. मी त्या घरी बसून लिहिल्या आणि घरोघर फिरून सह्या घेतल्या, कारण वरून अहवाल मागतात आणि माझ्याकडं पोषणाचं ॲप, वजनं, सर्व्हे, सगळंच असते. कामाचा बोजा खरा आहे, पण म्हणून ते लिखाण खरं होत नाही. ती समिती एकदा जरी खरोखर बसली असती तर हा पोरगा शाळेत जात नाही हे तिथल्या पाचही जणांना माहीत होतं, पाचही जण त्याला रोज ठेल्यावर पाहत होते.

त्याला नेलं रात्री साडेनऊला. आजी गाडीमागं रडत गेली, गाडी निघून गेली. रात्रभर तो ठाण्यात बाकावर बसून होता. मी पोलिसांना सरसकट वाईट म्हणणार नाही, सकाळी तिथल्याच एका हवालदारानं त्याला चहा-पोहे दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, याला बाल न्याय मंडळासमोर नेणार आहे, घरचं कोणीतरी सोबत पाहिजे. पण २०१५ चा बाल न्याय कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. त्या वयाच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागते, आई-बापाला आणि परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) लगेच कळवावं लागते, प्रत्येक ठाण्यात यासाठी एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि वकील फुकट मिळतो. खून-बलात्कारासारखा अतिगंभीर गुन्हा नसेल, मोठ्या माणसासोबत मिळून केलेला नसेल, तर नियमाप्रमाणं एफआयआर न करता डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्यायचा. तो अहवाल ठाण्यातला माणूस काय लिहिणार, तो या पोराला ओळखतही नाही. मी ओळखते, मास्तर ओळखतात, आशा ताई ओळखते. आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगायला गेलो नाही.

मंडळासमोर आजीसोबत मीच गेली. साठ किलोमीटर, दोन बस. मला वाटलं होतं पिंजरा असेल, तसं काही नव्हतं, टेबल-खुर्च्या होत्या, एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, कायद्यानंच त्यांच्यात एक बाई असावी लागते. तिथं त्याला कोणी आरोपी म्हटलं नाही, कागदावर शब्द होता विधिसंघर्षग्रस्त बालक. बाईंनी विचारलं शाळा का सोडली. तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, "बस येत नव्हती." मग त्यांनी विचारलं गावात याच्यावर लक्ष ठेवणारं कोणी आहे का, आणि आजीनं माझ्याकडं पाहिलं.

त्याला घरी सोडलं. पुढं तारखा पडल्या, प्रत्येक तारखेला आजीचा रोज बुडायचा आणि दोघांचं तिकीट लागायचं, हा खर्च कुठल्याच कागदावर दिसत नाही. शेवटी मंडळानं समुपदेशन आणि वर्षभर चांगल्या वर्तणुकीवर देखरेखीत ठेवायचा आदेश दिला. मला तो आदेश बरोबर वाटला. गावात मात्र पारावर सगळे चिडले, सुटला म्हणाले, असाच तो पुण्याचा सुटला होता म्हणाले. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीखाली दोघं तरुण इंजिनिअर गेले आणि त्याला लगेच जामीन मिळाला, सोबत ३०० शब्दांचा निबंध, तेव्हा सगळा महाराष्ट्र चिडला होता, मीही चिडली होती. पण त्या दिवसापासून लोकांच्या मनात बसलं की हा कायदा म्हणजे श्रीमंताच्या पोरांची पळवाट. ज्याच्याकडं वकील नाही, पैसा नाही, ओळख नाही त्या आमच्या गावच्या पोराला या कायद्याशिवाय दुसरं काहीच नाही, हे मी तिथं डोळ्यांनी पाहून आली.

अन् परत आल्यावर त्याचं काय झालं ते ऐका. तो घराबाहेर निघत नाही. पूर्वी सकाळी बाकीच्या पोट्ट्यांसोबत रोडवर भरतीची धावपळ करायचा, ते बंद केलं, कारण कोणीतरी सांगितलं तुझं झालं आता, पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये येईल. हे खोटं आहे. त्याच्यासारख्या मुलाला या निकालामुळं पुढं कुठलीही अपात्रता लागत नाही, कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे, ठरावीक काळानं ती नोंदच नष्ट करायची असते. मी त्याला ते पान वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं, पण गावानं जे म्हटलं तेच त्याला खरं वाटते. बाप पाडव्याला आला, त्यानं मारलं नाही का बोलला नाही, दोन दिवस उंबरठ्यावर बसून राहिला. माय म्हणते यंदा मी जाणार नाही, पण मुकादमाची उचल फेडायची कशी हे तिला माहीत नाही.

म्हणून मे महिन्यात आमच्या समितीची पहिली खरी बैठक झाली, शाळेच्या वऱ्हांड्यात. सरपंच ताई आल्या, पोलीस पाटील आले, गुरुजी सुट्टीत असून आले. आशा ताई आणि मी आठ दिवस फिरून चौदा ते अठराची यादी केली होती, बेड्यासकट. शाळेत न जाणारी एकोणीस नावं निघाली. काही गॅरेजवर, एक डीजेच्या गाडीवर, काही दुसऱ्याच्या वावरात सालदारासारखी, काही नुसतीच बसून. चार पोरी निघाल्या आणि त्यातल्या दोघींच्या लग्नाची बोलणी चालू होती, हे मला गावात राहून माहीत नव्हतं. यादी वाचली तेव्हा वऱ्हांड्यात कोणी बोललं नाही.

माझं म्हणणं एवढंच की ही यादी प्रत्येक गावानं करावी आणि दर तीन महिन्यांनी ती समोर ठेवून एकेका नावावर बोलावं, सह्या त्यानंतर. पोलिसांच्या हातात द्यायला ही यादी नाही, हे ठरावातच लिहून ठेवायचं, नाही तर उद्या चोरी झाली की यादीतलीच पोरं उचलतील आणि बेड्यावर जे झालं ते सगळ्यांच्या दारात होईल. ज्यानं शाळा सोडली त्याच्यासाठी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, आयटीआयला वेल्डर-वायरमन आठवी पासवर मिळते, हे घरी जाऊन सांगणारं माणूस पाहिजे, नुसता फ्लेक्स लावून होत नाही. आगार व्यवस्थापकाला सकाळच्या फेरीसाठी पत्र एकट्या पालकाचं गेलं तर पडून राहते, ग्रामसभेचा ठराव गेला तर निदान उत्तर द्यावं लागते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला-बालकल्याणाचा असतो, त्यातून आम्ही आजवर खुर्च्या आणि सतरंज्या घेतल्या, त्यात संध्याकाळची अभ्यासिका, दोन लाइट आणि एक व्हॉलीबॉलचं नेट सहज बसते. २ ऑक्टोबरपासून विकास आराखड्याची तयारी सुरू होते तेव्हा रस्ता-नालीच्या सोबत हेही लिहून घ्यायचं.

खर्ऱ्याचं सगळ्यात अवघड आहे. अल्पवयीन पोराला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ठेला शाळेपासून हाकेच्या अंतरावर, अन् ठेलेवाला आमच्याच भावकीतला. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोघं उठून गेले. मी त्याच्या घरी जाऊन सांगून आली की पोरांना देऊ नको, नाही तर मी लेखी तक्रार करीन. आता त्याची बायको माझ्याशी बोलत नाही. चालते.

आणखी एक, तंटामुक्ती समिती. २००७ पासून गावागावात आहे, बांधाचे, भावाभावाचे वाद मिटवते. किरकोळ चोरीत मंडळाचं काम मंडळाला करू द्यावं, पण ज्याचं नुकसान झालं तो आणि पोरगा यांना समोरासमोर बसवायचं काम ही समिती करू शकते. मात्र पोरीच्या बाबतीतला गुन्हा कोणीही गावात बसून मिटवायचा नाही, तो सरळ ठाण्यात गेला पाहिजे, चाइल्ड हेल्पलाइनला, १०९८ ला फोन गेला पाहिजे, यावर मी कोणाचंच ऐकणार नाही.

काकाजी त्या बैठकीला आले होते. वऱ्हांड्यात चढले नाहीत, खाली दगडावर बसून सगळं ऐकलं, अन् शेवटी एवढंच म्हणाले, "त्या पोट्ट्याचं तुम्ही सगळं केलं बाई, माह्या केबलचं कोण करते?" त्यांचं बरोबर आहे. एवढ्या तारखा झाल्या पण त्यांना कोणी एकदाही बोलावलं नाही, विचारलं नाही, ना मंडळानं ना आम्ही. ग्रामपंचायतीनं त्यांच्यासाठी काय करता येते ते पाहावं असा अर्ज मी यादीसोबत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी दिला आहे. पोरगा म्हणतो मी त्यांच्या वावरात काम करून फेडीन. काकाजी अजून हो म्हणाले नाहीत आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

तुमच्याकडंही एक मागणं आहे. त्या वेळी एका पेपरात बातमी आली होती, पोराचं नाव नव्हतं पण गाव होतं, वय होतं आणि बाप ऊसतोडीला जातो हेही होतं. आमच्यासारख्या लहान गावात एवढ्यावर सगळे ओळखतात. तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना हे एकदा सांगा, तुमच्या पेपरात असं होऊ देऊ नका.

सतरा नंबरच्या फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो अजून त्या हायस्कूलमध्येच पडून आहे. उद्या आजीला घेऊन मी तो आणायला जाणार आहे. पोरगा म्हणाला मीही येतो. सकाळच्या बसनं जायचं ठरलं आहे, बस नाही आली तर पोलीस पाटलांची गाडी सांगून ठेवली आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जि. यवतमाळ